गजावरच्या चार रेघा

माझ्या दुकानाची पायरी चढणाऱ्या माणसाच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक असतं. बंदूक चालते की नाही, हे तो नंतर सावकाशीने विचारतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मिस्त्री, ह्याच्यावर काय कोरलंय तेवढं सांगा." गोणपाट सोडताना त्याचा आवाज आपोआप खाली येतो, जणू आत बंदूक नसून पळवून आणलेली मुलगी आहे.

रत्नागिरीच्या बाजारात आमचं बंदूकदुरुस्तीचं दुकान आजोबांपासून आहे. जातीने आम्ही लोहार, कोयत्या-विळ्यांतून बंदुकांत शिरलो. बाहेरगावच्या लोकांना नवल वाटतं की आंब्याच्या आणि माशांच्या या जिल्ह्यात बंदुका कशाला. त्यांनी एकदा भात पोटरीला आल्यावर रानडुकरांचा कळप वाफ्यात उतरलेला बघावा. आमच्याकडे शेतसंरक्षणाचे परवाने पूर्वीपासून आहेत, आणि त्या परवान्यांवर ज्या बंदुका आहेत त्यांतल्या कितीतरी मुळात पलटणीतल्या. फौजेला नवी हत्यारं मिळाली की जुनी लिलावात निघत. पलटणीतून सुटलेली ती बंदूक मग कोकणातल्या शेतकऱ्याकडे येऊन डुकरं हाकलत म्हातारी होई. नोकरीत असताना तिच्या अंगावर जे जे गोंदलं गेलं, ते मात्र तसंच राही. मी वाचतो ते हे गोंदण.

बंदूक हातात आली की मी आधी परवाना मागतो, मग तिचं तोंड जाड भिंतीकडे फिरवतो आणि मग चष्मा लावतो. हा क्रम मी कधी बदलला नाही, म्हणूनच हे लिहायला शिल्लक आहे.

वाचायला काय असतं? मुकुट असतो, त्याखाली राजाची किंवा राणीची अक्षरं असतात. साल असतं. नळी तपासून पास केल्याचे बारीक ठसे असतात. दस्त्यावर पलटणीचा आणि मांडणीवरच्या जागेचा आकडा असतो. हे सगळं कारकुनी काम आहे, त्यात मंत्रतंत्र काही नाही. पण घरात पिढ्यान्‌पिढ्या देवाशेजारी टांगलेल्या वस्तूवर कारकुनाने काहीतरी लिहिलंय, हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. राजापूरकडच्या एका खोतांच्या बंदुकीवर तीन रेघांचा बाण होता, कोंबडीच्या पावलासारखा दिसणारा. हा सरकारी मालाचा शिक्का. खोतांना कोणीतरी सांगितलं होतं की बाण दाखवतो तिकडे पुरलेलं धन आहे. आता बाण बंदुकीवर, आणि बंदूक धराल तिकडे बाण. त्यामुळे त्यांनी घराच्या चारही बाजूंचा जांभा फोडून काढला होता. मी खरं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मिस्त्री, गावात बोलू नका. विहीर खणत होतो असं सांगितलंय मी."

त्याच बाणाने दुसऱ्या एका माणसाची झोप उडवली होती. खाडीपट्ट्यातले हे गृहस्थ, आयुष्य बोटीवर गेलेलं, गावात सगळे कप्तानसाहेब म्हणत. बाण म्हणजे सरकारी माल हे त्यांना कुठूनतरी कळलं आणि त्यांनी पुढचं अनुमान स्वतःच काढलं, की वडिलांनी सरकारी माल चोरला. बंदूक खाडीत टाकायला ते होडीत बसलेही होते, पण बापाची वस्तू म्हणून हात उचलेना. मी भिंग लावून पाहिलं. एका बाणासमोर दुसरा बाण होता, नाकाला नाक लावून. अशी जोडी म्हणजे सरकारने हा माल रीतसर विकून टाकला. कप्तानसाहेबांनी माझ्या हातातून भिंग घेतलं आणि पुन्हा पुन्हा त्या दोन बाणांकडे बघत राहिले. नंतर ते दर वर्षी हापूसची पेटी पाठवत. मी नको म्हटलं नाही, कारण आंबा चांगला असे.

गणपतीपुळ्याच्या एका रिसॉर्टवाल्याची गोष्ट उलटी. त्याने स्वागतकक्षात टांगायला मोठ्या किमतीची 'पलटणीची' रायफल आणली होती. तिच्यावर राणीची अक्षरं होती आणि साल होतं राणी वारल्यानंतरचं. मी म्हटलं, बाई वरून येऊन सही करून गेल्या म्हणायच्या. तो अजिबात हिरमुसला नाही. "पर्यटकांना राणीचं साल कुठं ठाऊक आहे?" म्हणाला आणि टांगली. अजून आहे.

मला खरा राग येतो तो पॉलिशचा. मुंबईहून आलेला मुलगा सुट्टीत काहीतरी करायचं म्हणून दस्त्याला सँडपेपर मारतो, नळी मशीनवर घासून आरशासारखी करतो आणि मग माझ्याकडे येऊन विचारतो, ही कुठली आहे हो. बाबा रे, तिचं तोंडच तू पुसून टाकलंस, आता ती काय सांगणार? अशा कितीतरी बंदुका मी मुक्या झाल्यावर पाहिल्या. त्याचं वाईट वाटतं, आणि माणसाला ते सांगूनही उपयोग नसतो.

आता प्रकाशची हकीकत सांगतो, कारण ह्या धंद्याला लोक गंमत समजतात.

प्रकाश मंडणगड तालुक्यातल्या एका गावचा, मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो. शिमग्याच्या थोडं आधी तो ठासणीची बंदूक घेऊन आला. ठासणीची म्हणजे जिच्यात तोंडाकडून दारू, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा असं लोखंडी गजाने ठासून भरतात. मागे एका छोट्या बोंडावर तांब्याची केप बसवायची. घोडा केपेवर पडला की ठिणगी बोंडाच्या छिद्रातून आत जाते. प्रकाशच्या गावात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसताना त्यांच्या घराण्याने बंदुकीचा बार काढायचा मान होता. आजोबा गेले आणि बार बंद पडला, सुतळी बॉम्बवर भागवू लागले. यंदा प्रकाशने मुंबईकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं होतं की बार पुन्हा निघणार. मंडळींनी वर केलेले अंगठे पाठवले होते. आता माघार नव्हती.

"मिस्त्री, ह्या रेघा वाघांच्या," त्याने बंदूक फळीवर ठेवत सांगितलं. "आजोबांच्याही आधी कोणीतरी तीन वाघ मारलानी, त्याच्या तीन रेघा."

परवाना बघून मी बंदुकीचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पाहिलं. नळीच्या पोटाला कानशीने मारलेल्या तीन तिरक्या रेघा होत्या. स्क्रूच्या डोक्यावर त्याच तीन. दस्त्याच्या आतल्या खाचेतही तीन.

"वाघ स्क्रूवर पण मारले काय?" मी विचारलं.

त्याचं असं असतं. त्या काळी कारखान्यात प्रत्येक बंदुकीचे भाग कानशीने घासून एकमेकांना बसवत. एकीचा स्क्रू दुसरीला नीट बसत नसे. दहा बंदुका एकदम उघडल्या तर भागांची सरमिसळ होऊ नये म्हणून बसवणारा कारागीर एकीच्या सगळ्या भागांवर एक रेघ मारी, दुसरीच्या दोन, तिसरीच्या तीन. शाळेत मुलांच्या डब्यांवर नावं घालतात तसं. मी हे सांगितल्यावर प्रकाशचा चेहरा पडला. तीन वाघ एका क्षणात गेले की कोणाचाही पडेल.

"मंग गजावर चार कशा?" तो म्हणाला. "आमी समजत होतो, चौथा वाघ मागनं मारलान."

मी गज हातात घेतला. टोकाला खरंच चार रेघा होत्या. त्याच कारागिराच्या हाताच्या, तसाच कानशीचा कोन, पण चार. म्हणजे हा गज ह्या बंदुकीचा नव्हता.

एरवी हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण गजावर आणखी एक खूण होती, मधे गोल फिरवून कोरलेली, आणि ती कारखान्याची नव्हती, आपल्याकडच्या लोहाराची होती. ती खूण सगळ्या जुन्या घरांत माहीत असते. गज नळीत सोडायचा. खूण तोंडाला बरोबर टेकली तर बंदूक रिकामी. तीन-चार बोटं वर राहिली तर आत माल आहे. दारू भरलेली बंदूक बाहेरून ओळखायला दुसरा डोळा नाही.

"रिकामी आहे, मी बघितलंय," प्रकाश म्हणाला आणि त्याने गज नळीत सोडला. खूण नळीच्या तोंडाला अगदी बरोबर टेकली. "ही बघा. आजोबा गेल्यापासून अशीच हाय. आणि केपेचा छिद्र तेल-कुंकवानं बुजला होता, दर दसऱ्याला पूजा व्हते ना. तो मी काल तारेनं साफ केला, मोबाईलवर बघून. सकाळी नुसती केप लावून चाप ओढून बघणार होतो, पण एसटी चुकली असती."

मी त्याला बंदुकीपासून दूर उभं राहायला सांगितलं. गज बाहेर काढला, नळीला बाहेरून समांतर लावला आणि खूण तोंडाशी धरली. गजाचं टोक नळीच्या बुडापर्यंत पोचायला हवं होतं. ते तीन बोटं अलीकडेच राहिलं.

"प्रकाश," मी म्हणालो, "ही भरलेली आहे."

तो हसला. मग मी हसत नाही हे बघून थांबला. खिशातून त्याने मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. काल संध्याकाळचा फोटो होता. त्याची लहान मुलगी अंगणात बंदूक घेऊन उभी, घोडा चढवलेला, आणि पुढे ओळीने सगळं घर हात वर करून हसतंय.

बोंडातून पाणी सोडून मी ती दोन दिवस तशीच भिजत ठेवली, मग पेचाच्या टोकाने एकेक करून माल बाहेर ओढला. काथ्याचा बोळा, डुकरासाठीचे मोठे छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळ्यात खाली दारूचा काळा चिखल. काठाला न भिजलेले चार दाणे राहिले होते, ते नखावर घेतले तर नव्यासारखे चमकत होते. काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. इतकी वर्षं त्या घराला वाचवलं ते दसऱ्याच्या कुंकवाने, आणि ते कुंकू पोराने तारेने उकरून काढलं होतं.

प्रकाश दोन्ही दिवस रत्नागिरीतच राहिला, गावी जायचं धाडस त्याला होईना. मी त्याला विचारलं, "चार रेघांची बंदूक कुठे आहे?"

"ती खालच्या घरात. काकीकडं."

मग सगळं कळलं. आजोबांकडे लिलावातल्या, एका जोडीच्या दोन बंदुका होत्या. एकीची नळी तोंडाशी फुटली म्हणून ती तीन बोटं कापलेली, गज मात्र दोन्हींचे सारखेच लांब. आजोबा दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत गेले, आणि दोघा मुलांनी, म्हणजे प्रकाशच्या वडिलांनी आणि काकांनी, भांडून वाटणी केली. वाटणीत लांब बंदूक प्रकाशच्या वरच्या घराला आली, आखूड काकांच्या खालच्या घराला. काका पुढे वारले, पण दोन्ही घरांत येणंजाणं उरलं ते मयताला.

"आणि ती बंदूक कशी आहे?"

"ती भरलेली हाय," प्रकाश म्हणाला. "आजोबांनी डुकरासाठी भरून ठेवलान, ती तशीच राह्यली. गज सोडला की खूण तीन बोटं वर. काकांनी केपा लावून बघितलानी, उडाली नाय. भरलेली आणि उडत नाय म्हटल्यावर तिला कोण हात लावणार? काकी तिच्याखालनं वाकून जाते."

मला हसू आवरेना. जी भरलेली होती तिच्यासमोर मुलं फोटो काढत होती, आणि जी रिकामी तिच्याखालून एक बाई जन्मभर वाकून जात होती. आखूड बंदुकीचा गज लांब बंदुकीत गेला होता, लांब बंदुकीचा आखूड बंदुकीत. दोन्ही खुणा आपापल्या ठिकाणी बरोबर होत्या, फक्त बंदुका चुकीच्या होत्या.

प्रकाशला हसू आलं नाही. त्याला शिमगा दिसत होता. "मंग आता ह्या बंदुकीनं बार काढायचा ना?"

नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. माल बसला होता तिथे नळी आतून कुरतडल्यासारखी गंजली होती. ती पुन्हा भरली तर बार निघेल किंवा हात जाईल, आणि दोन्हींतलं काय होईल ते मी सांगू शकत नाही. जे मी सांगू शकत नाही ते मी करू देत नाही. ही पुढे पूजेपुरती.

"मंग मान गेला," तो म्हणाला.

"गेला कसा? जोड आहे ना."

"त्यांच्या दारात मी जाऊ?"

"गज त्यांचा आहे," मी म्हणालो. "परत द्यायला जायचं. त्याला कोणी नाही म्हणत नाही."

मी बरोबर गेलो. खरं तर जायचं कारण नव्हतं, पण चार रेघांची बंदूक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. खालच्या घरात काकींचा मुलगा दत्ता ओटीवर पाटावर बसून दोरी वळत होता. प्रकाशला पाहून त्याने विचारलं, "कोण गेला?" ह्या घरांत दुसरा काही प्रश्न पडायची सवयच उरली नव्हती.

प्रकाशने गज पुढे केला. "हा तुमचा. आमच्याकडं राह्यला होता."

काकी आतून आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक, कमरेत वाकलेल्या. माजघराच्या दारावर आडवी टांगलेली बंदूक होती, आणि काकी दारातून येताना सवयीने आणखी खाली वाकल्या. काय प्रकार आहे ते मी सांगितलं आणि बंदूक काढायला हात वर केला, तशा त्या ओरडल्या नाहीत, फक्त दत्ताचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

मी बंदूक अंगणात आणली, तोंड बांधाकडे केलं. पोटाला चार रेघा. आधी बाहेरून माप घेतलं, मग तिचा स्वतःचा गज आत सोडला. खूण तोंडाला टेकली. बोंड उघडून फुंकर मारली तर वारा आरपार गेला.

"रिकामी आहे, काकी. पहिल्यापासून रिकामी."

त्या जवळ आल्या. गज बघितला, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "गज मीच पुसून ठेवले व्हते."

त्यांनी गज हातात घेतला.

"नवीन लगीन झालेला. खंडेनवमीला सासऱ्यांनी दोन्ही गज दिलानी, चिंच लावून राखेनं घास म्हणून. घासले, वाळवले, आणि घातले परत. हिचा तिच्यात गेला आसल. कोण सांगणार मला, कुठला कुठला ते? मला रेघा वाचता येत व्हत्या काय?" त्यांनी गजावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. "आणि मंग मीच घाबरत राह्यले. ह्यो लहान आसताना ह्याला मी माजघरात झोपवला नाय कंदी. पावसात पण पडवीत झोपलो आमी."

प्रकाशने त्यांच्या पायांना हात लावला. मला वाटतं वाटणीनंतर वरच्या घरातलं कोणी तसं पहिल्यांदाच करत होतं. तो म्हणाला, "काकी, यंदा बार तुमच्या बंदुकीनं काढूया. दत्ता काढेल. आमची नाय चालत आता."

"मला काय इच्यारतंस? देवाला इच्यार," त्या म्हणाल्या. पण आत जाऊन त्यांनी आम्हा दोघांनाही चहा आणला.

देवाला विचारलं. गुरवाने कौल लावला, तो उजवा झाला. परवाना दत्ताच्या नावावर होताच. वेळेआधी ठाण्यात जाऊन परवानगी घ्यायला लावली ती मी. आखूड बंदूक मी दुकानात आणून पुरती तपासली. तिची नळी कोरी करकरीत निघाली, कारण भीतीपोटी तिला कोणी वापरलीच नव्हती. नुसत्या दारूचा, छर्र्यांशिवायचा, हलका बार ठरवून दिला.

शिमग्याला मी गेलो. मला आग्रहाचं बोलावणं होतं आणि खरं सांगायचं तर नसतं तरी गेलो असतो. पालखी नाचत सहाणेकडे आली. ढोल थांबले. गावकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. दत्ता मोकळ्या बाजूला, माणसांपासून दूर उभा राहिला, प्रकाश त्याच्या शेजारी गज धरून. व्हॉट्सॲपवाले मोबाईल उंच करून तयार. काकी बायकांत सगळ्यात पुढे येऊन उभ्या होत्या. दत्ताने घोडा चढवला तसे बायकांनी, पोरांनी, गुरवानेसुद्धा कानांवर हात घट्ट दाबले. काकींचे हात पदराखाली होते, ते तिथेच राहिले.

बार निघाला. धूर वर गेला, डोंगरावर जाऊन आवाज परत आला, गावाने एका सुरात देवाचं नाव घेतलं. मी काकींकडे बघत होतो. त्या बंदुकीकडे बघत होत्या, आणखी काही व्हायचं आहे का म्हणून वाट बघितल्यासारख्या. धूर पुरता विरला तेव्हा त्या शेजारणीकडे वळल्या.

"एवडाच?" त्या म्हणाल्या.